पातळ पेजेविरुद्धचं पत्रक

तुम्ही आत्ता चहाचा घोट घेतलात, तो कुठून गेला हे तुम्हाला ठाऊक आहे का? घशातून, असं उत्तर देऊ नका. घसा हे उत्तर नव्हे, तो तिठा आहे. तिथे दोन नळ्या आहेत. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. घोट तोंडातून येतो आणि त्याला मागच्या नळीत जायचं असतं. म्हणजे प्रत्येक घोटाला श्वासाचं उघडं दार ओलांडूनच जावं लागतं. त्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, वरून एक झाकणी कलते आणि घोट सुखरूप पलीकडे उतरतो. एवढा बंदोबस्त मंत्र्यांच्या गाडीलासुद्धा मिळत नाही. आणि आपण तो करून वर वर्तमानपत्र वाचत असतो.

मला हे ठाऊक होतं, कारण मी मुंबईला वाचोपचार शिकत होते. लोक त्याला स्पीच थेरपी म्हणतात. गोव्यातल्या आमच्या डिचोलीत त्याला काहीच म्हणत नसत. ‘मुक्यांना बोलायला शिकवणारी’ एवढीच माझी ओळख. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं आम्ही कोणालाही बोलायला शिकवलं नाही. मेंदूच्या नसा पाठ केल्या, कानातली इवलीशी हाडं काढली, जिभेच्या स्नायूंची नावं घोकली. गिळण्याचा विषय तर एका तरुण बाईंनी हट्टाने जादा तास घेऊन शिकवला. पुष्कळांनी तो तास बुडवला. ‘आपण बोलण्याचे डॉक्टर, जेवण्याचे नव्हे,’ असं त्यांचं म्हणणं. मी बसले, कारण बाई बोलताना टेबलावर मूठ आपटायच्या. मूठ आपटणाऱ्या माणसांवर माझा लहानपणापासून विश्वास आहे.

त्याला कारण माझे काका. काकांचा डिचोलीच्या बाजाराला लागून छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर तो चाले, पण त्याचा जीव पत्रकांत होता. काकांना मूल नव्हतं, घरात मी होते. माझी अक्षरओळख पत्रकांवरून झाली. ‘क’ कमळाचा शिकायच्या आधी मी ‘नि’ निषेधाचा शिकले. खाणीचे ट्रक सुर्ल्याहून, पाळीहून लाल धूळ उडवीत बाजारातून जात, तर काकांनी धुळीविरुद्ध पत्रक काढलं. बसथांब्यावर छप्पर नव्हतं, तर छपराच्या बाजूने काढलं. मग राजभाषेचा वाद पेटला आणि काकांना आयुष्यभराचं काम मिळालं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना एवढंच सांगते. गोवा अजून केंद्रशासित होता, घटक राज्य व्हायचं होतं, आणि त्याची भाषा कोंकणी की मराठी यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. काका मराठीवाले. समोर रस्त्यापलीकडे पसरा, म्हणजे किराणा दुकान, चालवणारे त्यांचे बालमित्र कोंकणीवाले. मी त्यांना मामा म्हणायची. वाद सुरू होण्याआधी रोज संध्याकाळी मामा दुकानातलं स्टूल उचलून रस्ता ओलांडून यायचे आणि दोघे छापखान्याच्या पायरीवर बसून आल्यागेल्याची टिंगल करायचे. वादानंतर स्टूल रस्त्याच्या त्या बाजूलाच राहिलं. दोघे आपापल्या दारात बसून एकमेकांकडे पाठ करता येईल इतकीच मान वळवायचे. गंमत अशी की भांडताना दोघेही एकच बोली बोलत. काका मराठीचा कैवार घेत तो ‘तुका कळना कसां रे?’ असा, आणि मामा कोंकणीचा कैवार घेत तेही तसंच. हे मी एकदा काकांना दाखवून दिलं. ते म्हणाले, “बोलणां वेगळा आणि भाषा वेगळी.” भाषाशास्त्रात हे वाक्य कुठे बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

वाद ऐन भरात असताना दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले ती काकांना झटका येऊन गेल्यानंतर. मेंदूतली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. उजवा हात लुळा, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, आणि उच्चार असे की प्रत्येक शब्द ओल्या गोणपाटात गुंडाळून बाहेर यावा. समज मात्र पूर्ण शाबूत होती. शब्द सापडत होते, वाचता येत होतं, राग येत होता. फक्त जीभ, ओठ आणि घसा सुस्तावले होते. इस्पितळातून घरी आणल्यावर आठवड्याभरात छातीत कफ होऊन ताप चढला. तो उतरला, पण डॉक्टरांनी काकीला स्पष्ट सांगितलं होतं, “अन्न छातीत जातंय. पुन्हा ताप आला तर नाकातून नळी घालून जेवण द्यावं लागेल.”

काकीने मला हे सांगताच काकांनी डाव्या हाताने नाक झाकून घेतलं. आयुष्यभर बोलत आलेला माणूस नाकातून नळी लोंबत असताना लोकांसमोर बसणार नव्हता. “नळी न्हको,” हे त्यांचं घरी परतल्यानंतरचं पहिलं समजणारं वाक्य. मी त्यांना वचन दिलं की नळी लागू देणार नाही. दोन वर्षं शिकलेल्या मुलीने असली वचनं देऊ नयेत, पण पत्रकांवर वाढलेली मुलगी दुसरं काय देणार?

वचन देऊन मी बाहेरच्या खोलीत आले तर तिथे वाटीभर पातळ पेज घेऊन शेजारीण बसलेली.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी मोकळ्या हाताने येत नाही, आणि आणलेलं नुसतं ठेवून जात नाही. भरवून जातात. स्वतःच्या हाताने दोन घोट पाजले नाहीत तर भेटीला अर्थ नाही. आणि आजाऱ्याला काय पाजतात? पेज. तीही निथळ, वरची, पाण्यासारखी, कारण ‘हलकी’. भरवायची पद्धतही ठरलेली. माणूस आडवा, मान मागे, हनुवटी छताकडे, आणि वाटी ओठांना. म्हणजे सुस्तावलेल्या घशात सगळ्यात वेगाने धावणारा पदार्थ, आणि पुढची नळी सताड उघडी ठेवणारी मान. आमच्या बाईंनी ‘काय करू नये’ म्हणून फळ्यावर काढलेलं चित्र आमच्या ओसरीवर रोज जिवंत व्हायचं.

मी आडवी आले. “काकी, पातळ पेज बंद. बसवून भरवायचं, हनुवटी खाली, आणि फक्त अटवल.”

अटवल म्हणजे मऊ घोटलेला मुगाचा भात. काकी मूळची पेडण्याची. तिने कमरेवर हात ठेवले. “चार पिढ्ये पेजेर वाढले. कोणाच्या फोप्सात भात उगवलो नाय.”

“काकी, पातळ पदार्थ भरभर उतरतो. काकांच्या घशाचं दार मिटायच्या आत तो पोचतो.”

“मुंबयचा बोलतंस. दार खंयचा, माका दाखव.”

मला पुरावा मागितलेला आवडतो. रविवारी मी बाजारात जाऊन खाटकाकडे बोकडाचं नरडं मागितलं. तो म्हणाला, “मांस नको?” मी म्हणाले, फक्त नरडं, जिभेच्या मुळासकट. त्याने ते पानात बांधून दिलं आणि गिऱ्हाइकांकडे असं पाहिलं की सगळे थोडे मागे सरकले. काकीने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. परसातल्या धुण्याच्या दगडावर प्रात्यक्षिक झालं. शेजारणी कुंपणाच्या गडग्यापलीकडून बघत होत्या.

मी काकीला पुढची नळी दाखवली. कडक, कड्याकड्यांची, कायम उघडी. मागची मऊ, चपटलेली, काही आलं तरच उघडणारी. वरची झाकणी बोटाने कलवून दाखवली. “बोकड मेला, म्हणून ही आपोआप हलत नाही. काकांची हलते, पण उशिरा. आता बघ.” मी वरून पेज ओतली. ती क्षणात पुढच्या नळीतून खाली आली आणि दगडावरून वाहत तुळशीकडे निघाली. मग अटवलीचा गोळा ठेवला. तो जिभेच्या मुळाशी बसून राहिला, जणू कोणाची तरी वाट पाहत.

काकीने वाकून दोन्ही नळ्या पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, “देवान श्वासाचा भोक पुढे कशाक ठेवलां?”

“ते मला ठाऊक नाही.”

“मगे दोन वर्षां शिकलंस काय?”

पण त्या दिवसापासून काकी माझ्या बाजूला आली. प्रात्यक्षिकाचं सामान मांजराने पळवलं, त्याची मला खंत नाही.

काकीला जिंकलं म्हणून गाव जिंकता येत नाही. देवळातले भटजी तीर्थ घेऊन आले. पळीभर पाणी, आणि तेही मान मागे करून. मी विचारलं, तीर्थ अटवलीत कालवलं तर चालेल का? त्यांनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वाटाघाटींनंतर तीर्थ डोळ्यांना आणि मस्तकाला लावलं तरी पोचतं असं ठरलं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो मार्ग मला पसंत होता. पण एकेकाला असं अडवता अडवता माझाच घसा बसला. तेव्हा मी ठरवलं, जे काकांनी केलं असतं तेच करायचं. पत्रक.

खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला मला येत होतं. लहानपणी माझ्या खेळण्यांत तेच होते. कागद मात्र गुलाबीच शिल्लक होता, मागच्या सभेच्या पत्रकांतून उरलेला, आणि मथळ्याला लाकडी मोठा टाइप तोच, ज्याने गावभर ‘मराठी’ छापलं गेलं होतं. मी लिहिलं:

“नागरिकांनो, सावधान. पिढ्यान्‌पिढ्या पातळ पेज आपल्या आजाऱ्यांच्या फुफ्फुसांवर अन्याय करीत आली आहे. झटका आलेल्या माणसाला आडवे निजवून, मान मागे करून पेज पाजणे हा त्याच्या श्वासनलिकेवरील उघड हल्ला आहे. आम्ही त्याचा जाहीर निषेध करतो. घट्ट, मऊ, गुठळ्या नसलेले अन्नच द्या. बसवून द्या. हनुवटी खाली. एक घास उतरल्याशिवाय दुसरा नाही.”

काकांनी तपासायचं कच्चं मुद्रित डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचलं. डाव्या हाताने पेन्सिल मागून ‘जाहीर’च्या जागी वेडंवाकडं ‘तीव्र’ लिहिलं. मी बदललं. संपादकाचा मान राखावाच लागतो.

पत्रक दुपारपर्यंत बाजारभर गेलं आणि एका नव्या रोगासारखं पसरलं. वाचलं सगळ्यांनी, पण डिचोलीत तेव्हा पत्रक वाचायची एकच रीत होती. आधी कागदाचा रंग बघायचा, मग छापखाना, मग कोण कोणाच्या विरुद्ध आहे ते ठरवायचं. पत्रक मराठीत, कागद गुलाबी, छापखाना काकांचा आणि निषेध पेजेचा. निष्कर्ष उघड होता. मराठीवाल्यांनी कोंकणी माणसाच्या पेजेवर हल्ला चढवला होता.

दोन दिवसांत उत्तर आलं. गावात छापखाना एकच, त्यामुळे उत्तर हाताने लिहून सायक्लोस्टाईल करून आणलेलं, शाई फुटलेली. “पेज ही आमची अस्मिता. भुकेल्याची, कष्टकऱ्याची, ह्या मातीची पेज. पेजेचा अपमान सहन केला जाणार नाही.” खाली नाव नव्हतं, पण अक्षर मामांचं होतं. लहानपणी त्याच अक्षरात मी गुळाच्या डब्यावर ‘गूळ’ वाचला होता.

मग आमचे लोक पेटले. सभेला जाणारे काकांचे सोबती एकामागून एक येऊ लागले, प्रत्येकाच्या हातात अटवलीचा टोप. एरवी आपल्या घरी सकाळी दहाला पेज ओरपणारी ही माणसं आमच्या ओसरीवर बसून अटवल कशी अस्सल मराठी आहे ते सांगत. एकाने कढत आणली. एकाने मुगाचे दाणे अख्खे ठेवले. एकाने भावनेच्या भरात खोबऱ्याचे तुकडे घातले. आणि सगळ्यांनाच भरवायचं होतं. भरवताना काकांना विचारायचं होतं, “बोला, कोंकणीवाल्यांना काय उत्तर द्यायचं?” तोंडात घास असलेल्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे मिटत आलेलं दार पुन्हा उघडायला लावणं. तिसऱ्या पाहुण्याच्या वेळी काकांना ठसका लागला. त्यानंतर त्यांचा आवाज भिजल्यासारखा आला, जणू गळ्यात पाणी साचलंय.

त्या भिजलेल्या आवाजाबद्दल बाईंनी सांगितलं होतं. घोटानंतर माणसाला ‘आ’ म्हणायला लावा. आवाज कोरडा आला तर दार नीट मिटलं. भिजलेला आला तर स्वरतंतूंवर काहीतरी सांडलंय. मी काकांना खोकायला लावलं, आवाज कोरडा होईपर्यंत. मग कार्यकर्त्याच्या हातातला टोप काढून घेतला आणि म्हणाले, “उद्यापासून एकानेही भरवायचं नाही. चळवळीच्या नावानं माझ्या काकांना नळी लागलेली मी बघणार नाही.”

“म्हणजे तू पेजेच्या बाजूची?” त्याने विचारलं. तो खरोखर गोंधळला होता.

त्या संध्याकाळी काकांचं अंग किंचित कोमट लागलं. काकीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या सगळ्या परीक्षांपेक्षा कठीण होतं. सकाळी अंग गार होतं. पण मी समजले की आमच्याकडे आता पुढचा ठसका परवडणारा नाही.

आणि नेमके त्याच सकाळी मामा आले.

रस्ता ओलांडून आले, एका हातात स्टूल, दुसऱ्यात शहाळं. ट्रक थांबले होते की मला तसं वाटलं, कोण जाणे. कित्येक महिन्यांनी ते स्टूल आमच्या दारात टेकलं. काका खिडकीशी बसले होते. त्यांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. उजवा कोपरा ऐकेना.

“आडसर हाडलां,” मामा म्हणाले. आमच्याकडे शहाळ्याला आडसर म्हणतात. “तोंड कापून हाडलां. घे.”

पाणी. शहाळ्याचं, थंड, पेजेहून पातळ. एवढ्या महिन्यांनी मित्राने आणलेलं पाणी, आणि मला ते नाकारायचं होतं. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

“मामा, हे नाही चालणार.”

“ह्या आडसराक पण तुमची बंदी? ह्या मराठी की कोंकणी?”

“पातळ आहे, मामा. छातीत जाईल. नळी लागेल.”

मामांनी शहाळं छातीशी धरलं. त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे तां पत्रक खरां होतां?”

“खरं म्हणजे?”

“म्हणजे पेजेचाच? माका वाटलां, पेज म्हणजे आमी.”

काकांच्या घशातून एक आवाज आला. मी दचकून वळले, मला वाटलं ठसका. ते हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा, एका बाजूने, वाकड्या तोंडाने. मग त्यांनी डावा हात शहाळ्याकडे केला. त्यांना ते हवं होतं. वचन मी नळीचं दिलं होतं, पण त्या हाताला नाही म्हणण्याची सोय कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हती.

मी मामांना विचारलं, “दुकानात नाचणीचं सत्त्व आहे?”

“आसा. कशाक?”

ते धावत गेले, धावत आले. तिझान आमच्या घरोघर करतात, सत्त्व पाण्यात शिजवून, गूळ घालून. आम्ही साध्या पाण्याऐवजी शहाळ्याचं घेतलं. काकी ढवळत होती, मामा चुलीपाशी उभे राहून ‘गुठळी झाली, गुठळी झाली’ म्हणत होते, आणि काकी ‘तुमी भायर बसा, अस्मिता करपतली’ म्हणत होती. चमचा तिरपा केला की धार न पडता गोळा हळूच घसरेल इतकं घट्ट झाल्यावर मी ते उतरवलं आणि पुरेसं निवू दिलं.

काकांना खुर्चीत ताठ बसवलं. हनुवटी छातीकडे. मामांच्या हातात मी चमचा दिला, कारण आणणाऱ्याने भरवायचं हा नियम मला मोडायचा नव्हता, फक्त दुरुस्त करायचा होता. “अर्धा चमचा. आणि बोलायचं नाही.”

“एक शब्द?”

“एकही नाही. मराठी नाही, कोंकणी नाही.”

मामांनी भरवलं. काकांच्या गळ्यावर मी दोन बोटं ठेवली होती. स्वरयंत्र हललं, जरा रेंगाळलं, मग वर गेलं आणि खाली आलं. “काका, आ म्हणा.”

“आ.”

कोरडा. सुका, खरखरीत, छापखान्यातल्या यंत्रासारखा. मी दुसरा चमचा द्यायला खूण केली. मग तिसरा. वाटी रिकामी होईस्तोवर मामांनी खरंच एक शब्द काढला नाही. डिचोलीत ते कोणी मानलं नाही.

वाटी संपल्यावर काकांनी ओठ पुसायला लावले, श्वास घेतला आणि शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, “पत्रक… भिकार… छापलंस.”

“तुझा मशीन आमका बंद, मगे खंय छापू?” मामा म्हणाले. “बरो हो. पुढचा तुझ्याकडेच घालतंय.”

ताप पुन्हा आला नाही. महिन्याने डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळीची गोष्ट काढली नाही, म्हणून आम्हीही काढली नाही. पुढे राजभाषेचा कायदा झाला, कोंकणी राजभाषा ठरली, मराठीलाही सरकारी वापराची मुभा मिळाली, आणि गोवा घटक राज्य झालं. दोघांनाही आपण हरलो असं वाटलं, आणि स्टूल आमच्या दारातच राहिलं. बाकी वाद त्यांनी घास गिळून झाल्यावर घातला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. ह्या आठवड्यात तुम्ही कोणा आजाऱ्याला भेटायला जाणार असाल. झटका आलेला, म्हातारा, जेवताना ठसकणारा. वाटी ओठांना लावण्याआधी त्याला बसवा. मान मागे करू नका. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका, कितीही महत्त्वाचा असला तरी. घोटानंतर ‘आ’ म्हणायला लावा आणि कान देऊन ऐका. आवाज भिजलेला आला, तर थांबा आणि त्याला डॉक्टरांना दाखवा. आणि हा कागद वाचून झाला की फेकू नका. समोरच्या घरी नेऊन द्या. त्या घराशी तुमचं बोलणं बंद असेल, तर आधी तिथेच द्या.